रोज १०० लेगिंग्जवरून ४०० वर जाताना: इंदूरच्या शिलाई कारखान्यांसाठी

परदेशीपुऱ्याच्या रेडीमेड कॉम्प्लेक्सपासून सांवेर रोडपर्यंत इंदुरात शिलाई जाणणाऱ्या हातांची वाण नाही. पण हे हात तयार झाले ते शर्ट, पायजमे आणि लहान मुलांच्या कपड्यांवर, म्हणजे बहुतेक उभ्या-आडव्या धाग्यांच्या कापडावर. ते कापड जरा ओढून, सरळ करून मशीनखाली घातलं की शिवण सुबक येते. लायक्रा, म्हणजे ताणला जाणारा धागा, असलेल्या होजियरीवर हीच सवय माल बिघडवते. दिवसाला १०० पीस निघत असतात तोवर मास्टर स्वतः प्रत्येक गठ्ठा हाताळतो, म्हणून चुका दिसत नाहीत. ४०० झाले की मास्टरची नजर पुरत नाही आणि परत आलेल्या मालाची पोती दारात दिसू लागतात.

अशा वेळी बहुतेक मालक नवीन फ्लॅटलॉक (सपाट शिवणीचं) मशीन घेतात. आमच्या मते हा पैसा दोन महिने थांबला तरी चालतो. जिमच्या कपड्यांत वाढीव माल आधी कापडात बिघडतो, मग कटिंगमध्ये, आणि शिवणीत सगळ्यात शेवटी. या लेखाचा क्रमही तोच आहे. उदाहरणासाठी उंच बेल्टची, गसेट (दोन पायांच्या मधला जोडतुकडा) आणि एक खिसा असलेली, २४० जीएसएमच्या (चौरस मीटरला २४० ग्रॅम वजनाच्या) पॉलिस्टर-लायक्राची लेगिंग धरली आहे.

आधी कागदावरचा हिशेब

या लेगिंगला शिलाईची साधारण १२ मिनिटं धरा. २० कारागीर, ४८० मिनिटांची पाळी आणि लाइनची कार्यक्षमता ५० टक्के, म्हणजे २० × ४८० × ०.५ ÷ १२ = ४०० पीस. कुणी ७० टक्के धरून ५६० पिसांचं आश्वासन देऊन आला असेल तर त्याला इथेच थांबवा. एकटा चांगला कारागीर ७० टक्क्यांनी चालतो, पण लाइनमध्ये वाट पाहणं, धागा तुटणं, गठ्ठा उशिरा येणं यांत २० टक्के सहज जातात.

मग प्रत्येक कामाची घड्याळ लावून वेळ घ्या. ताशी ५० पीस हवे आहेत. आतल्या पायाच्या फ्लॅटलॉकला दीड मिनिट लागत असेल तर ७० टक्क्यांनी एक कारागीर तासाला २८ पीस देईल, म्हणजे इथे दोन मशीन हवीत. बेल्ट जोडायला १.२ मिनिटं, म्हणजे ३५ पीस, इथेही दोन. खालच्या दुमडीला ०.९ मिनिट, म्हणजे ४६-४७ पीस. इथे दुसरं मशीन घेऊ नका, खिसा शिवणाऱ्याला दिवसातून तासभर इकडे बसवा. लाइन नेहमी एका-दोन ठिकाणीच तुंबते. ते ठिकाण सापडलं नाही तर नवीन मशीन भलत्याच जागी लागतं.

महिन्याला २५ दिवस धरले तर १०,००० पीस होतात. एका पिसाला वाया जाणाऱ्यासकट ३०० ग्रॅम कापड लागतं, म्हणजे महिन्याला ३,००० किलो. २० ते २५ किलोचे १२० ते १५० रोल. इतके रोल ठेवायला, उलगडायला आणि तपासायला जागा आहे का, ते आधी पाहा. बहुतेक ठिकाणी नसते, आणि तिथूनच शॉर्टकट सुरू होतात.

१०० वरून थेट ४०० वर उडी घेऊ नका. आधी २०० वर या, आणि १०० पिसांमागे ५ पेक्षा कमी दोष सलग दोन आठवडे दिसले की पुढे जा. कारागिरांच्या हजेरीतही इंदूरचं पंचांग धरा: होळीआधीच्या आठवड्यात झाबुआ-अलीराजपूरकडचे लोक भगोरियाच्या जत्रांना जातात, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) असते, अनंत चतुर्दशीला रात्रभर मिलच्या झांक्या (चित्ररथ) निघतात. दुसऱ्या दिवशी लाइन अर्धी असते. खरेदीदाराला तारीख देताना हे दिवस वगळा, कारागिरांवर चिडून काही होत नाही.

कापड: इथे दोन दिवस गेले तरी चालतील

कापड सुरत, लुधियाना, तिरुपूर कुठूनही आलं तरी ऑर्डर देताना जीएसएम, रुंदी, लायक्राचं प्रमाण, ताण आणि आकसणं हे सगळं लिहून द्या. '२४० ची काळी लायक्रा' हे वर्णन पुरत नाही. तीन वेगवेगळ्या मिल हेच शब्द ऐकून तीन वेगळी कापडं पाठवतील. एका ऑर्डरचा रंग शक्यतो एकाच डाइंग लॉटमधून (एकाच वेळी रंगवलेल्या खेपेतून) घ्या. १,५०० पिसांची ऑर्डर म्हणजे ४५० किलो. हे दोन लॉटमध्ये आलं तर पहिला आणि दुसरा लॉट दोन वेगळ्या कटिंगमध्ये लावा आणि दुकानदारालाही वेगळे खोके द्या.

रोल आला की पुढची कामं याच क्रमाने करा.

१. गोल जीएसएम कटरने १०० चौरस सेंटीमीटरचा तुकडा काढून वजन करा. ग्रॅमला १०० ने गुणलं की जीएसएम मिळतो. रोलच्या मध्यातून आणि दोन्ही कडांजवळून असे तीन तुकडे घ्या. ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर रोल बाजूला ठेवा.

२. चार गुणांच्या पद्धतीने तपासा. ३ इंचापर्यंतच्या दोषाला १ गुण, ३ ते ६ इंचाला २, ६ ते ९ ला ३, त्याहून मोठ्याला ४. भोक १ इंचापर्यंत असेल तर २, त्याहून मोठं असेल तर ४. एका यार्डात ४ पेक्षा जास्त गुण धरत नाहीत. एकूण गुणांना ३,६०० ने गुणून, इंचातली रुंदी आणि यार्डातली लांबी यांच्या गुणाकाराने भागा. ६० इंच रुंद, ७५ यार्डांच्या रोलमध्ये २५ गुण निघाले तर उत्तर २०. बाजारात ४० पर्यंत चालतं. पण काळ्या लेगिंगवर एक ओढलेला धागाही दुरून दिसतो, म्हणून मिलशी २५ ची अट घाला. नवीन मिलच्या पहिल्या तीन लॉटमधले सगळे रोल तपासा, विश्वास बसल्यावर दर दहातला एक.

३. प्रत्येक रोलमधून ६ इंचांची पट्टी काढून सगळ्या पट्ट्या एकमेकींशेजारी शिवा. ही शेड ब्लँकेट दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली, दोन्हीकडे पाहा. एका उजेडात सारखा दिसणारा रंग दुसऱ्यात फाकतो. अ, ब, क असे शेडचे गट करा आणि रोलवर मोठ्या अक्षरात लिहा.

४. ५० × ५० सेंटीमीटरच्या तुकड्यावर ३५ सेंटीमीटरची चौकट आखून ४० अंशांच्या पाण्यात तीनदा धुवा, उलटा टांगून वाळवा. लांबीत ३ टक्के आकसलं तर ७० सेंटीमीटरच्या आतल्या पायाला पॅटर्नमध्ये ७०÷०.९७, म्हणजे सव्वाबहात्तरच्या आसपास लांबी द्यावी लागेल. ५ टक्क्यांपेक्षा जास्त आकसणारा लॉट परत पाठवा. पॅटर्न वाढवून तो भागत नाही, कारण दुसऱ्या लॉटमध्ये तो आकडा पुन्हा बदलतो.

५. ५ सेंटीमीटर रुंद पट्टीवर १० सेंटीमीटरच्या खुणा करा, १५ पर्यंत ताणून १० मिनिटं धरून ठेवा, सोडा, एका मिनिटाने मोजा. १०.५ च्या वर राहिली तर गुडघ्यावर फुगे येणार. ग्राहक मात्र त्याला 'कापड ढिलं पडलं' असंच म्हणेल.

६. मोठ्या साइजच्या नमुन्यातून पांढऱ्या कागदावरची ठळक अक्षरं वाचता येतात का, ते कापड ५० टक्के ताणून पाहा. बैठक मारताना कापड पारदर्शक होतं ते इथेच कळतं. लॉटमध्ये जीएसएम १५ ने उतरला तरी हा फरक पडतो.

घाम आणि धुलाईच्या पक्क्या रंगाची चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घ्या. ५ पैकी किमान ४ ग्रेड हवी. गडद लाल, नेव्ही आणि काळा हे रंग नेहमीच त्रास देतात.

आता सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी. लायक्राचं कापड रोलवर ताणलेल्या अवस्थेत असतं. रोल उघडून थेट टेबलावर अंथरला तर कटिंगनंतर पार्ट आकसतो आणि एम साइज एस होतो. रोल उलगडून, सैल घड्या घालून रॅकवर किमान २४ तास पडू द्या. बेल्टचं इलॅस्टिकही खोक्यातून काढून तसंच सैल ठेवा. रोज १२० किलो कापड लागणार असेल तर पाच-सहा रोल आज कापायचे आणि पाच-सहा उद्यासाठी मोकळे झालेले, असे १० ते १२ रोलांचे रॅक हवेत. ही जागा नसेल तर ४०० पिसांचा विचार सोडा.

कटिंग

अंथरताना कापड ओढायचं नाही, हे नियम म्हणून भिंतीवर लावा आणि पहिले आठ दिवस तिथे उभे राहा. हाताने अंथरत असाल तर थर ४-५ मीटरपेक्षा लांब आणि ४०-५० पदरांपेक्षा उंच नको. उंच ढिगाऱ्यात उभं कटर कलतं, मग वरचा आणि खालचा पार्ट वेगळ्या मापाचा होतो. दर कटिंगला वरचा, मधला आणि तळाचा पार्ट पॅटर्नवर ठेवून जुळवा. ३ मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर पदर कमी करा. एक पदर जास्त अंथरून जे वाचतं त्याच्या कितीतरी पट परत येतं.

सिंथेटिक कापडात कटरचं पातं तापतं आणि कडा वितळून एकमेकींना चिकटतात. पार्ट सुटे करताना चरचर आवाज आला की समजा पातं बोथट आहे किंवा वेग जास्त आहे. धार काढा, वेग कमी करा, पदरांमध्ये दर दहाला एक पातळ कागद घाला. गसेट, खिसा असे छोटे पार्ट बँड नाइफवर (फिरत्या पट्टीच्या पात्याच्या मशीनवर) काढा.

सगळ्यात जास्त ताण अंगाभोवती आडवा यायला हवा. मार्करमध्ये (कापडावर पार्ट मांडण्याच्या आराखड्यात) कापड वाचवण्यासाठी एखादा पार्ट थोडा तिरका बसवला की धुतल्यावर पाय पिळून शिवण पुढे येते. हा दोष कारागिराच्या माथी मारला जातो. कारागीर त्यात निर्दोष असतो.

प्रत्येक पार्टावर रोल नंबर, पदर नंबर आणि साइजचा स्टिकर हवा. एका लेगिंगचे सगळे पार्ट एकाच रोलच्या एकाच पदरातून यायला हवेत. 'सगळं काळंच तर आहे' असं म्हणून स्टिकर लावले नाहीत तर उन्हात गेल्यावर उजवा पाय काळा आणि डावा तपकिरी दिसतो.

आणखी एक. एप्रिल-मेमध्ये माळव्याची हवा कोरडी पडते. पॉलिस्टरच्या पदरांत स्थिर वीज येते, पदर एकमेकांना चिकटून सरकतात आणि धूळ, तूस ओढून घेतात. कटिंगच्या खोलीत हवेतली आर्द्रता ५०-५५ टक्क्यांवर ठेवणारं यंत्र महाग नाही. तोवर फरशीवर दुपारी दोनदा पाणी मारलं तरी फरक पडतो.

सुई, धागा, मशीन

अशा कापडाला गोल टोकाची सुई लागते. २४० जीएसएमला ७० किंवा ७५ नंबर. टोकदार सुई लायक्राचा धागा कापते. तेव्हा काही दिसत नाही, पण चार धुलाईंनंतर शिवणीच्या बाजूने भोकांची रांग उघडते. सुई प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला बदला आणि जुनी मोजून जमा करा. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे मिळेपर्यंत त्या गठ्ठ्यातला एकही पीस पुढे जाऊ देऊ नका.

वेग वाढवला की सुई तापते. पॉलिस्टर साधारण २५५-२६० अंशांना वितळतं, नायलॉन-६ त्याच्याही खूप आधी, २२० च्या आसपास. म्हणून मिनिटाला ६,००० टाक्यांचं ओव्हरलॉक या कापडावर ४,०००-४,५०० वर चालवा. शिवणीजवळ कडक टोचणारे ठिपके लागले तर हेच कारण शोधा.

लूपरमध्ये (खालून टाका गुंफणाऱ्या भागात) फुगीर टेक्स्चर्ड पॉलिस्टर धागा घाला, इंचाला १२ ते १४ टाके ठेवा. दर तासाला एका पिसाची आतली शिवण १० सेंटीमीटर मोजून कापड जाईल तितकी ताणा. कापड १७ पर्यंत जातं आणि शिवण १४ ला 'कट्' करते, तर सुईच्या धाग्याचा ताण जास्त आहे किंवा टाके कमी आहेत. आसनाची शिवण जिममध्ये फाटण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे. शिवण लाटांसारखी वर-खाली होत असेल तर मशीनच्या पायाचा (प्रेसर फूटचा) दाब कमी करा आणि डिफरेन्शिअल फीड (पुढचे दाते मागच्यांपेक्षा जास्त कापड सरकवतात ती सोय) वाढवा, १ ला १.३ पासून सुरुवात करा. कारागिराने मागून कापड ओढून लाट सपाट केली, तर ती धुतल्यावर परत येते.

चार सुयांच्या फ्लॅटलॉकला एक मीटर शिवणीला सुमारे ३० मीटर धागा जातो. अंदाजाने धागा मागवला तर ऑर्डरच्या मध्यावर तो संपतो आणि नवीन लॉटचा काळा थोडा निळसर निघतो. कापडाबरोबरच धाग्याचाही पूर्ण हिशेब करून १० टक्के जास्त घ्या.

इलॅस्टिक हाताने ओढून शिवू नका. प्रत्येक साइजचा तुकडा मोजून, चार ठिकाणी खुणा करून बेल्टच्या चार खुणांशी जुळवा. हाताच्या अंदाजाने ओढलेला बेल्ट एका बाजूला चुण्या घेतो आणि मापही बदलतो.

कारागीर आणि दर

तुकड्यावर दर दिला तर वेग येतो, पण लपवाछपवीही येते. दर पास झालेल्या पिसावरच मोजा, दुरुस्ती त्याच हाताने करून घ्या आणि महिन्याअखेर दोष कमी असणाऱ्याला वेगळा भत्ता द्या. पगारातून कापायच्या भानगडीत पडू नका. कायद्याची अडचण तर आहेच, शिवाय लोक दोषी पीस गठ्ठ्याच्या तळाशी दडवतात. माणसं वाढली की १० वर ईएसआयसी (कामगार विमा) आणि २० वर पीएफ लागू होतं. २० कारागिरांसोबत मदतनीस आणि कटिंगची माणसं आली की हा आकडा तुम्ही ओलांडलेलाच असतो.

शर्टवरून आलेल्या कारागिराला पहिला आठवडा फक्त टाकाऊ लायक्रावर शिवू द्या. त्याला एकच गोष्ट शिकवायची असते: हात कापडाला वाट दाखवेल, ओढणार नाही. ऑर्डर आल्यावर हे शिकवायला वेळ नसतो, म्हणून माणसं ऑर्डरच्या चार आठवडे आधी घ्या.

तपासणी

लाइनमध्ये फिरणारा एक तपासनीस ठेवा. तो प्रत्येक कारागिराचे ७ पीस दिवसातून चारदा पाहील. सातांत एकही दोष नाही तर हिरवं कार्ड, एक असेल तर पिवळं आणि पुन्हा सात पीस, त्याहून जास्त तर लाल. मशीन थांबवून कारण शोधायचं, मागचा गठ्ठा उघडायचा. २० कारागिरांचे ५६० पीस होतात, एका माणसाला चार तास लागतात. उरलेल्या वेळात तो मापं घेईल. या माणसाचा पगार उत्पादनाशी जोडू नका आणि त्याला प्रॉडक्शन मास्टरच्या हाताखालीही ठेवू नका.

शेवटची तपासणी आयएसओ २८५९-१ (लॉटमधून नमुने काढून तपासण्याचं मानक) प्रमाणे करा. आपल्याकडे हीच आयएस २५०० मध्ये आहे. १,५०० पिसांच्या लॉटमधून तपासणीच्या साधारण पातळीवर (लेव्हल २) १२५ पीस काढायचे. मोठ्या दोषांसाठी २.५ ची एक्यूएल (किती दोष चालतील त्याची) पातळी घेतली तर ७ पर्यंत पास, ८ झाले की लॉट थांबला. छोट्या दोषांना ४.० ची पातळी, १० पर्यंत पास. सुईचा तुकडा, उघडी आसनाची शिवण असल्या दोषांना सूट शून्य. नमुने वरच्या खोक्यातून नको, प्रत्येक साइजमधून आणि तळातूनही काढा. कमरेला १ सेंटीमीटर इकडे-तिकडे चालेल. दोन पायांच्या लांबीत मात्र अर्ध्यापेक्षा जास्त फरक नको. माप शिलाईनंतर लगेच घेऊ नका, पीस काही तास सपाट पडू द्या.

लोगो आणि पॅकिंग

गडद पॉलिस्टरवर पांढरा लोगो आठ दिवसांत गुलाबी होतो, कारण उष्णतेने कापडातला रंग वर चढतो. १५०-१६० अंशांच्या साध्या ट्रान्सफरऐवजी १२०-१३० अंशांना चिकटणारं, रंग अडवणारा थर असलेलं ट्रान्सफर घ्या. प्रत्येक रंगाच्या नवीन लॉटवर लोगो लावून तो वजनाखाली ६० अंशांत २४ तास ठेवा. मेमधल्या ट्रकच्या टपाखाली याहून फार वेगळं नसतं. फिक्या रंगाच्या कपड्यांना प्लास्टिक पिशवीतल्या बीएचटीने (प्लास्टिक टिकवायला घातलेल्या रसायनाने) पिवळेपणा येतो. पुरवठादाराकडून बीएचटी नसलेली पिशवी लेखी मागा. गरम इस्त्री थेट टेकवू नका, हलकी वाफ पुरे.

बाहेर काम देताना

एकदम ऑर्डर वाढली की जॉबवर्क द्यावंच लागतं. आतली फ्लॅटलॉक आणि आसन बाहेर देऊ नका. खिसा, बेल्ट तयार करणं, धागा कटिंग, पॅकिंग चालेल. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत मंजूर नमुना, तुमचाच धागा आणि तुमच्याच सुया पाठवा. धागा त्यांच्यावर सोडला तर स्वस्तातला येतो, आणि तो ताणला की तुटतो. पहिल्या वेळी ५० पीस द्या, ते धुऊन, ताणून पाहा, मगच ५०० चा चालान काढा.

खोक्यावर रोल नंबर आणि शिलाईची तारीख लिहा. परत आलेल्या प्रत्येक पिसाचं कारण वहीत त्या रोल नंबरापुढे नोंदवा: फाटलं, रंग गेला, ढिलं पडलं, माप चुकलं. महिन्याअखेर वही उघडली की तीच दोन-तीन कारणं आणि बहुधा एकाच मिलचे रोल पुन्हा पुन्हा दिसतील. त्या मिलला पुढची ऑर्डर देताना वहीचं तेच पान समोर ठेवा.